सोन्यावरचा चिकटा

"सर, सोनं लाल पडलं," असं म्हणत शेजारच्या वहिनी पदराखाली वाटी झाकून आमच्या ओट्यावर आल्या, तो चंपाषष्ठीचा दुसरा दिवस होता. आदल्या दिवशी त्यांच्याकडे तळी भरली होती. ताम्हणात भंडारा, खोबऱ्याच्या वाट्या, विड्याची पानं, सुपारी, आणि सासूबाईंच्या सासूबाईंपासून देव्हाऱ्यात असलेल्या सोन्याच्या दोन पुतळ्या. तळी उचलून झाली, भंडारा उधळून झाला. सकाळी पाहतात तर पुतळ्यांवर पिवळा, ओशट, बोटाला धरणारा थर. त्यांनी कपडे धुण्याचा सोडा पाण्यात कालवला, पुतळ्या त्यात सोडल्या, आणि पाणी कुंकवासारखं लाल झालं. वहिनींच्या मनात दोनच शंका होत्या. एक तर सोनं खोटं निघालं, नाहीतर देव कोपला.

मी पुतळ्या बाहेर काढून बाजूला ठेवल्या आणि उरलेल्या पाण्यात अर्धं लिंबू पिळलं. पाणी पुन्हा पिवळं झालं. शाळेत पस्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, पण माझा एखादा प्रयोग कोणी इतक्या जिवाच्या आकांताने पाहिल्याचं मला आठवत नाही. हळदीतलं रंगद्रव्य खारात लाल होतं आणि आंबटात पिवळं. आपलं कुंकूही हळदीला असाच खार देऊन पूर्वापार होत आलं. वहिनींनी नकळत वाटीभर कुंकवाचं पाणी केलं होतं, एवढंच. सोनं जागच्या जागी होतं. मात्र थरही जागच्या जागी होता, आणि तो कसा काढायचा हे त्यांनी विचारलं तेव्हा मला धड उत्तर देता आलं नाही. ही पुस्तिका त्या उत्तराच्या शोधात झाली.

हा प्रश्न अणदूरमध्ये पडावा यात नवल नाही. आमचा खंडोबा दोन गावांचा. मूर्ती एकच, देवळं दोन. वर्षातला बहुतेक काळ देव अणदूरला असतो आणि हिवाळ्यात, पौष पौर्णिमेच्या यात्रेसाठी, नळदुर्गच्या मैलारपूरला जातो. देव नेण्या-आणण्याचा दोन्ही गावांत लेखी करार होतो. देव कुठेही असला तरी भंडारा दोन्हीकडे सारखाच उधळला जातो. हळदीलाच सोनं म्हणणारा हा देव आहे. तिकडे तुळजापूरला आई भवानीच्या दागिन्यांत शिवछत्रपतींनी वाहिलेली मोहरांची माळ सांगतात. देवाच्या अंगावर नाणं घालायचं, देवासमोर नाणं पुजायचं, ही रीत या भागात घरोघर आहे. आणि पूजा म्हटली की तेल, तूप, मध, गूळ, हळद, कुंकू आलंच. आपल्याकडे सोन्याला चिकटा लागतो तो निष्काळजीपणामुळे नव्हे, भक्तीमुळे.

ज्या नाण्यांबद्दल बोलायचं त्यांची ओळख आधी करून घेऊ. पुतळी हा शब्द आपल्याला इतका घरचा वाटतो की ती मूळची कुठली, हे विचारावंसंही वाटत नाही. ती व्हेनिसची. त्या नगरराज्याने 1284 साली डुकॅट नावाचं सोन्याचं नाणं पाडायला सुरुवात केली. साडेतीन ग्रॅम वजन आणि जवळजवळ शंभर नंबरी सोनं. 1797 मध्ये नेपोलियनने ते राज्य बुडवलं, तोवर पाचशे वर्षं नाण्यावरचं चित्र जवळपास बदललं नाही. एका बाजूला व्हेनिसचा राजप्रमुख संत मार्कपुढे गुडघे टेकून ध्वज घेतोय, दुसऱ्या बाजूला लंबगोल प्रभावळीत चांदण्यांमध्ये उभा येशू. तांबड्या समुद्रातून, अरबस्तानातून, सुरत आणि कोकणच्या बंदरांतून ही नाणी मसाल्याच्या आणि कापडाच्या बदल्यात इकडे आली. ती वितळवावीत असं आपल्या बायकांना वाटलं नाही, गळ्यात घालावीत असं वाटलं. त्या दोन आकृत्यांत कोणाला राम-सीता दिसली, कोणाला नुसती बाहुली. बाहुली म्हणजे पुतळी. खरी नाणी कमी पडू लागली तेव्हा आपल्या सोनारांनी तोच ठसा उठवून नव्या पुतळ्या केल्या. त्यावरची लॅटिन अक्षरं त्यांना वाचता येत नव्हती, म्हणून त्यांच्या हातून त्या अक्षरांची नुसती नक्षी झाली. माझ्या मते या नक्षीत आपल्या कारागिरांचा जितका इतिहास आहे, तितका पुष्कळशा बखरींतही नसेल. हीच नक्षी चुकीच्या स्वच्छतेत सगळ्यात आधी पुसली जाते.

पुतळीखेरीज आमच्या भागात निजामाची अशरफी सापडते. धाराशिव जिल्हा हैदराबाद संस्थानात होता, आणि अणदूर त्याच्या अगदी कडेला. पन्नासेक किलोमीटरवरचं सोलापूर इंग्रजांचं. 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौजा सोलापूरहून निघाल्या, त्या नळदुर्गला बोरी नदीचा पूल ताब्यात घेऊन आमच्याच रस्त्याने पुढे गेल्या. त्याआधीच्या रझाकारी दिवसांत कोणी सोनं बळदात ज्वारीखाली दडवलं, कोणी भिंतीच्या कोनाड्यात लिंपून टाकलं, कोणी मेणकापडात गुंडाळून चुलीमागे पुरलं, अशा हकिगती मी लहानपणी ऐकत आलो. त्यातलं जे परत हाती आलं त्यावर मेणाचे, मातीचे, डिंकाचे थर असत. ते कोणी कसे काढले याची आठवण कोणी सांगत नाही. नाण्यांकडे पाहिलं की कळतं. खसाखसा घासून.

तिसरा प्रकार अगदी आजचा. सराफाकडून किंवा बँकेतून घेतलेलं चोवीस कॅरेटचं नाणं. 2015 मध्ये सरकारनेही अशोकचक्राचं नाणं काढलं, पाच आणि दहा ग्रॅमचं. ही नाणी प्लास्टिकच्या बंद कार्डात येतात. त्याबद्दल इथेच सांगून टाकतो, म्हणजे पुढे विसरायला नको: ते कार्ड फोडू नका. शुद्धतेचा आणि वजनाचा पुरावा नाण्यासोबत त्या कार्डातच बंद असतो. चिकटा बाहेरच्या प्लास्टिकला लागला असेल तर प्लास्टिक ओल्या फडक्याने पुसा. लक्ष्मीपूजनाला कार्डासकट ठेवलेलं नाणं लक्ष्मीला चालतं.

आजी म्हणायची, "सोन्याला काय व्हतंय रे?" निम्मं खरं आहे. सोनं गंजत नाही, हवेने काळं पडत नाही, लिंबाने, चिंचेने, घामाने त्याचं काही बिघडत नाही. हजार वर्षं मातीत राहून वर आलं तरी ते पिवळंच असतं. या निम्म्या खऱ्यावर विसंबून मी बाराव्या वर्षी तिची एक पुतळी दातांच्या पेस्टने आणि जुन्या ब्रशने घासली. दिवाळी होती, मला तिला खूश करायचं होतं. पुतळी लखलखली. आजीने ती डोळ्यांजवळ नेली, अंगठा फिरवला आणि म्हणाली, "बाहुलीचं त्वांड कुटं गेलं?" रागावली नाही. ती पुतळी आज माझ्याकडे आहे. वजनात फरक पडलेला काट्यालाही जाणवणार नाही, पण राजप्रमुखाच्या चेहऱ्याच्या जागी एक गुळगुळीत टेकाड आहे.

म्हणजे सोन्याला काही होत नाही, होतं ते सोन्यावरच्या चित्राला. कारण सोनं मऊ असतं. खनिजांच्या कठीणपणाची जी मोजपट्टी आहे तिच्यावर शुद्ध सोनं अडीचच्या आसपास येतं. पेस्टमध्ये खडूची पूड असते, ती तीन. देव्हाऱ्यातल्या धुळीत वाळूचे कण असतात, ते सात. चिकट थरात ही धूळ वर्षानुवर्षं रुतून बसते. त्यावर फडकं घासलं की आपण सोनं पुसत नाही, सोन्यावर पॉलिशपेपर फिरवतो. राखुंडी, रांगोळी, तारेची घासणी, पितांबरी, खाण्याचा सोडा चोळणं, सगळं याच पंगतीतलं. या पुस्तिकेत पुढे जे काही आहे त्याच्या मुळाशी हेच आहे की चिकटा घासून काढायचा नाही, विरघळवून काढायचा.

विरघळवायचा तर तो कशाचा आहे ते ओळखायला हवं. इथे आमच्या गावाने मला पुष्कळ शिकवलं. गूळ, साखर, मध, दूध, दही हे सगळ्यांत सोपे. धनत्रयोदशीच्या धने-गुळाचा नैवेद्य, लक्ष्मीपूजनाचे बत्तासे, अभिषेकाचं पंचामृत यांतून ते येतात आणि कोमट पाण्यात तासाभरात सुटतात. तुपाचा ओशटपणा कोमट पाण्यात भांड्यांच्या पातळ साबणाचे दोन थेंब टाकले की जातो. मला कोड्यात टाकलं ते तेलाने. तशाच देव्हाऱ्यांतल्या, त्याच साबणात ठेवलेल्या दोन घरांच्या पुतळ्या. एकीचा थर निघाला, दुसरीचा नखानेही हलेना. चौकशी केली तर पहिल्या घरात समईला खोबरेल, दुसऱ्या घरात करडीचं तेल. करडी म्हणजे आमच्या मराठवाड्याचं पीक, पिढ्यान्‌पिढ्या खाण्यात आणि दिव्यात तेच. पण करडी आणि जवस ही वाळणारी तेलं आहेत. हवेतला प्राणवायू घेऊन त्यांचे रेणू एकमेकांत गुंततात आणि तेलाचा हळूहळू वार्निश होतो. रंगाच्या कारखान्यांत ही तेलं वापरतात ती याच गुणासाठी. दहा वर्षं समईशेजारी बसलेल्या नाण्यावर तेल नसतंच मुळी, तांबूस रोगण असतं. साबण त्याला काही करू शकत नाही. खोबरेल मात्र जन्मभर तेलच राहतं. वहिनींचा थर खोबऱ्याचा आणि हळदीचा होता, म्हणून नशिबाने सोपा. हळद पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्पिरिटमध्ये लगेच विरघळते.

मग लाख आणि मेण. पुतळ्यांच्या माळा ओवणारे पटवेकरी रेशमाच्या दोऱ्याला मेण लावत, ते भोकाभोवती साचतं. मेण साठ-पासष्ट अंशांना वितळतं, म्हणजे कडकडीत पाण्याचीही गरज नाही. लाख स्पिरिटमध्ये सुटते. आणि शेवटी आपल्या काळाचे चिकटे: सेलोटेप, किमतीचं स्टिकर, कपाटातल्या मऊ प्लास्टिकच्या पिशवीतून पाझरलेला हिरवट चीक. हा शेवटचा फसवा आहे. पीव्हीसीला मऊ ठेवण्यासाठी त्यात जे तेलकट द्रव्य घालतात ते कालांतराने बाहेर येतं. बावीस कॅरेटच्या नाण्यात बारा भागांत एक भाग तांब्याचा किंवा चांदीचा असतो, आणि हा चीक त्या तांब्याला खातो. तेव्हा नाणं अशा पिशवीत ठेवलेलं असेल तर ही प्रस्तावना बाजूला ठेवून आधी ते बाहेर काढा.

आता हात कसा चालवायचा ते थोडक्यात. पुढच्या प्रकरणात ते सविस्तर आहे, पण प्रस्तावना वाचून पुस्तक मिटणारे वाचक मला माहीत आहेत. मोरीवर बसू नका. घसरलेली पुतळी पाइपातून परत येत नाही. टेबलावर जाड टॉवेल, त्यावर परात, परातीत काचेची वाटी. नाणं कडेने धरायचं. पहिलं पाणी, कोमट, अर्धा तास, मध्येमध्ये वाटी हलवायची, बोट लावायचं नाही. मग साबणाचे दोन थेंब घातलेलं पाणी. तरीही थर उरला तर नाणं कोरडं करून औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या सर्जिकल स्पिरिटमध्ये. तिथेही हटला नाही तर शुद्ध अ‍ॅसिटोन. नेलपॉलिश काढायची बाटली नव्हे, तिच्यात वास, रंग आणि तेल मिसळलेलं असतं, म्हणजे एक चिकटा घालवून दुसरा लावल्यासारखं. अ‍ॅसिटोन शुद्ध सोन्याला काही करत नाही. थर्मोकोल मात्र खातं आणि बऱ्याच प्लास्टिकला मऊ करतं, म्हणून वाटी काचेचीच. त्याच्या वाफा पेट घेतात. खिडकी उघडी, गॅस बंद, आणि देवघरातली समई शांत झाल्यावरच बाटलीचं झाकण काढायचं. रोगण झालेलं करडीचं तेल अ‍ॅसिटोनमध्येही विरघळेलच असं नाही, पण ते फुगतं, मऊ होतं, आणि कापूस गुंडाळलेल्या काडीने अलगद लोटता येतं. लोटायचं, घासायचं नाही. घाई झाली की पुन्हा बुडवून ठेवायचं आणि चहा प्यायचा.

शेवटचं पाणी बोअरचं नको. आमच्याकडचं बोअरचं पाणी इतकं जड की नाणं वाळल्यावर क्षारांचे पांढरे ठिपके उठतात, आणि लोक पुन्हा घासायला बसतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर गावात कुठेही मिळतं. त्याची अर्धी वाटी पुरते. मग जुन्या लुगड्याच्या मऊ तुकड्यावर नाणं ठेवून वरून दुसरा तुकडा दाबायचा. टिपायचं. आमच्या पिढीला शाईचा टीपकागद आठवत असेल, तसंच.

एक अडचण मला फार उशिरा कळली. ती कळायला दुसऱ्याची पुतळी खराब व्हावी लागली, म्हणून ठळक सांगतो. सगळ्या पुतळ्या भरीव नसतात. पुष्कळ माळांत पातळ पत्र्याचे दोन ठसे जोडून आत लाख भरलेली असते. वजन कमी, दिसायला ठसठशीत, गरिबालाही परवडणारी. अशी पुतळी स्पिरिटमध्ये बुडवली की आतली लाख मऊ होऊन सांध्यातून पाझरते, आणि बाहेरचा चिकटा काढता काढता आपण आतला बाहेर आणतो. गरम पाण्यानेही तेच. खरी पुतळी साधारण साडेतीन ग्रॅमची. तेवढ्याच आकाराची पुतळी हातात पिसासारखी वाटली तर ती पोकळ समजावी आणि बुडवू नये. कापसाच्या काडीला नाममात्र स्पिरिट लावून वरवर टिपावं. कडी डाक लावून जोडलेली असेल तिथेही हात आखडता ठेवावा. डाकाचं सोनं हलकं असतं, चिंचेच्या कोळाने पहिल्यांदा तेच काळवंडतं.

चिंच निघाली म्हणून रिठ्याबद्दलही बोलतो, कारण सोनारकामात रिठे जुने आहेत आणि लोक मला विचारतात. रिठ्याचं पाणी सौम्य, गाळून घेतलं तर उत्तम. न गाळता सालीसकट चोळलं तर मग पुन्हा घासणंच आलं.

सोनाराकडे "उजळून" आणण्याविषयी माझं मत काहींना आवडणार नाही. उजळा देणं म्हणजे वरचा बारीक थर आम्लाने किंवा घासून काढणं. चांगला सोनार हे सांगून करतो आणि वजन दाखवतो. दागिन्याला ते चालतं, नाण्याला नाही. सोनाराच्या दुकानाबाहेरची माती धुऊन त्यातलं सोनं काढण्यावर झारेकरी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या पोट भरलं. एवढ्यावरून समजावं की घासलेलं सोनं नाहीसं होत नाही, फक्त आपल्या घरातून जातं. आणि दुपारच्या वेळी, घरात बाईमाणूस एकटं असताना, पावडरचं पाकीट दाखवत "दागिने पॉलिश करून देतो" म्हणणारे जे दोघे मोटारसायकलवर येतात, त्यांना ओट्यावरही घेऊ नका. ते आधी पितळेचं भांडं चमकवतात, मग चांदीचं पैंजण, मग सोनं मागतात. सोनं विरघळवणारं एकच मिश्रण सामान्यतः ऐकिवात असतं, नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचं, आणि ते या लोकांनाही ठाऊक असतं. दागिना त्यात बुचकळून काढला की चकाकतो, काही ग्रॅम द्रावणात राहतात, आणि ते द्रावण ते बरोबर घेऊन जातात. दुसरी तऱ्हा म्हणजे हळदीच्या पाण्यात दागिना घालून डबा बंद करून देणं आणि "दहा मिनिटांनी उघडा" सांगणं. दहा मिनिटांनी डब्यात फक्त हळद असते.

काही नाणी अजिबात स्वच्छ करू नयेत. नांगराखाली, पायाच्या खोदाईत, पडक्या वाड्याच्या भिंतीत सापडलेलं नाणं आपलं नसतं. 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीची सापडलेली ठेव जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. त्यावरची माती आणि चिकटाही अभ्यासकाला बोलतो. आमच्याच जिल्ह्यातलं तेर म्हणजे ग्रीक प्रवासवर्णनातलं तगर. तिथल्या लामतुरे संग्रहालयात सातवाहनकाळच्या वस्तू पाहिल्या की लक्षात येतं, कुठल्या थरात काय सापडलं यावर सगळा इतिहास उभा असतो. घरचं नाणं जुनं आहे अशी शंका आली, "श्री राजा शिव" अशी अक्षरं असलेला होन निघाला, तर वाटीभर पाणीसुद्धा नको. आधी फोटो, मग नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथल्यासारख्या जाणकारांना विचारणं. संग्राहक घासलेल्या नाण्याकडे पाहून मान हलवतात, आणि त्या मान हलवण्याची किंमत हजारोंत असते.

वहिनींच्या पुतळ्यांचं राहिलं. दोन्ही भरीव होत्या. कोमट पाणी, साबणाचं पाणी, मग स्पिरिट, एवढ्यावर हळद आणि खोबरं निघालं. एकीच्या भोकात मात्र काळपट मेणाची गोळी आणि तिच्यात अडकलेला लाल रेशमाचा अर्धा इंचाचा तुटका धागा होता. ती कधीतरी माळेत होती. मेण काढणं दोन मिनिटांचं काम होतं, मी काडी उचललीही. वहिनी म्हणाल्या, "राहू द्या सर, सासूबाईंच्या सासूची माळ तुटली होती म्हणतात, तो दोरा असंल." मी काडी खाली ठेवली. पुतळी टिपली, सुती चिंधीत गुंडाळली, आणि पुढच्या तळीला ताम्हणात खोबऱ्यापासून जरा लांब ठेवा एवढं सांगितलं. त्यांनी हो म्हटलं. ठेवणार नाहीत, हे दोघांनाही माहीत होतं.

अणदूर, मार्गशीर्ष